शेजारच्या तंबूतला पाना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्या मोटार शर्यतीच्या छंदाविषयी लिहिलं होतं. मी मूळची कोल्हापूरची, आता अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. आठवडाभर एका कारखान्यात डाय आणि टूलिंगचं काम बघते आणि उन्हाळ्यातले सहा-सात शनिवार-रविवार ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’, म्हणजे एससीसीएच्या हौशी शर्यतींत एक जुनी माझदा मियाटा ही छोटी दोन सीटची गाडी पळवते, एवढं त्यात सांगितलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण ज्या प्रश्नांपाशी मी स्वतः थांबले ते घेते.

“ताई, प्रतिस्पर्धी एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करून देतात असं तुम्ही लिहिलंत. मी तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. ज्याला उद्या हरवायचं त्यालाच आज उभं करायचं, हे काही पचनी पडत नाही. खरंच असं होतं, की लिहिताना थोडं गोड केलंत?” — निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा

सर, गोड केलेलं नाही. जागेअभावी तिथे जे राहिलं, तेच आता सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा जूनमधला शनिवार. मिड-ओहायोचा ट्रॅक लेक्सिंग्टन गावाजवळ, चहूबाजूंनी शेतं. पात्रता फेरीत ‘कीहोल’ नावाच्या मोठ्या वळणातून बाहेर पडून मी मागच्या सरळ पट्ट्यावर आले, चौथा गिअर टाकला आणि चालत्या लेथमध्ये पाना पडावा तसा आवाज झाला. त्यानंतर चौथा गिअर उरलाच नाही. चूक माझी होती. घाईनं गिअर ओढायची खोड मला महागात पडली.

तिसऱ्या गिअरवर गाडी हळूहळू पॅडॉकमध्ये आणली. पॅडॉक म्हणजे ट्रॅकशेजारचं मैदान, तिथे सगळ्यांचे तंबू, ट्रेलर आणि गाड्या असतात. माझ्या शेजारच्या तंबूत एक प्लंबर असतो. त्या मोसमात तो माझ्यापेक्षा चार गुणांनी पुढे होता. मी रविवारी उतरले नसते तर त्याचा हिशेब तिथेच पक्का झाला असता. मी गाडीतून उतरायच्या आत तो आला. “चौथा?” एवढंच विचारलं. मी मान हलवली. तो आपल्या ट्रेलरमध्ये गेला आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेला सुटा गिअरबॉक्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आला. पस्तीसेक किलोचं ते धूड त्यानं माझ्या तंबूत ठेवलं आणि विचारलं, “जॅक कुठाय?”

मियाटाचा गिअरबॉक्स उतरवणं हे एकट्याचं काम नाही. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब धातूची चौकट असते, ती आधी सोडवायची. मग प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप, स्टार्टर. सगळ्यात नाठाळ म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारे वरचे बोल्ट. तिथे डोळाही पोचत नाही आणि हातही. तीन एक्स्टेन्शन एकापुढे एक जोडून सॉकेट लावावा लागतो आणि तो बसला की नाही हे बोटांनीच ओळखायचं. कपाळाला दिवे बांधून एकेक जण येत गेला. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई, एक निवृत्त पोस्टमन आणि त्याच दिवशी पहिल्यांदा शर्यतीला आलेला एक पोरगा. ही सगळी माणसं माझ्याच गटात, माझ्याविरुद्ध पळणारी.

जुना उतरला, नवा वर चढवला, पण शाफ्ट क्लचच्या मधोमध बसेना. तिघं जण गाडीखाली पाठीवर पडून तो लोखंडी गोळा वर रेटत होतो. हात थरथरायला लागले होते. गणिताच्या बाई म्हणाल्या, “थांबा, कुणी जोर लावू नका.” त्यांनी गाडीत हात घालून गिअर टाकला, मग मागे येऊन बाहेर आलेला शाफ्ट दोन बोटांनी अगदी दाणाभर फिरवला. टक्. सगळं आपसूक आत सरकलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मग मी शेगडीवर भात आणि तांबडा रस्सा गरम केला आणि आम्ही ट्रेलरच्या उतरणीवर बसून जेवलो.

आता तुमचा प्रश्न, का? त्याचं एक कारण अगदी यांत्रिक आहे. आमच्या गटाचं नाव ‘स्पेक मियाटा’. सगळ्यांच्या गाड्या एकाच जातीच्या, ताकद बेताची. अशा गाडीला सरळ पट्ट्यावर वारा आडवा येतो. पण एकीच्या मागे दुसरी अगदी चिकटून गेली की वारा पुढचीनं फोडलेला असतो आणि दोन्ही गाड्या एकटीपेक्षा वेगानं जातात. म्हणजे पुढच्यांना गाठायचं असेल तर मला त्या प्लंबरची गरज आहे आणि त्याला माझी. वीस मिनिटं आम्ही एकमेकांना ओढून नेतो, शेवटच्या दोन फेऱ्यांत वेगळे होतो. तो पळालाच नाही तर माझी शर्यत काय राहिली? एकटीनं फेऱ्या मारणं.

दुसरं कारण मला जवळचं वाटतं. ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वेगात वितभर अंतरावर तो माझ्या मागे असतो. मी ब्रेक कुठे लावीन हे त्याला माहीत असतं, तो माझ्यासाठी जागा सोडील हे मला माहीत असतं. ज्याच्यावर दिवसा असा जीव टाकायचा त्याच्या अडचणीत रात्री तोंड फिरवून झोपता येत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत, आमचं दोन लेथचं शेड होतं. दादा आणि शेजारचे शेडवाले एकाच कारखान्याच्या ऑर्डरसाठी भाव कमी-जास्त करायचे, पण पाना, ड्रिल, कधी कधी कामगारसुद्धा इकडून तिकडे जायचा. “त्याचं मशीन बंद पडलं म्हणून आपलं जास्त चालत नाही,” असं दादा म्हणायचे. ओहायोत मला तेच उद्यमनगर भेटलं.

रविवारी तो दुसरा आला, मी तिसरी. गाडीतून उतरताच त्यानं पहिलं विचारलं, “गिअर नीट पडत होते ना?” तो गिअरबॉक्स अजून माझ्याच गाडीत आहे. माझा जुना दुरुस्त करून त्याला दिला, आता तो त्याच गोधडीत असतो.

“बक्षीस किती मिळतं? खर्च किती येतो?” — एक वाचक, नाशिक

रोख बक्षीस नाही. जिंकलात तर छोटी ट्रॉफी आणि चौकटीचा झेंडा हातात घेऊन एक फेरी. एका शनिवार-रविवारची प्रवेश फी साधारण ४०० ते ६०० डॉलर असते. त्यावर टायर, पेट्रोल, ट्रेलर ओढायचं डिझेल आणि जे मोडेल ते. आम्ही दुसरीकडे कुठे फिरायला जात नाही, ते पैसे इथे जातात.

पैशाच्या जोरावर कुणी फार पुढे जाऊ नये म्हणून नियम कडक आहेत. टायर ठरलेले, इंजिनात काय करायचं आणि काय नाही हे ठरलेलं. शर्यत संपली की गाडी ड्रायव्हरसकट काट्यावर जाते आणि किमान वजनाला कमी भरली तर निकाल गेला. मी अंगानं बारीक, म्हणून माझ्या गाडीत शेजारच्या सीटच्या जागी लोखंडी पट्ट्या बोल्टनं आवळलेल्या आहेत. हा क्लब १९४४ साली बोस्टनमध्ये सात हौशी माणसांनी काढला, आणि सुरुवातीची बरीच वर्षं पैशासाठी पळणाऱ्याला त्याच्या शर्यतींत जागाच नव्हती. पुढे, १९६० च्या दशकात, ते सैल झालं आणि व्यावसायिक शर्यतीही सुरू झाल्या. पण आमच्या पॅडॉकमध्ये अजून पहिल्यासारखंच आहे.

“जिवाचा धोका पत्करून हे कशासाठी? तुमच्या घरचे काही म्हणत नाहीत का?” — दोन मुलांची आई, पुणे

म्हणतात. माझी आई अजून दर सोमवारी फोनवर पहिलं “पोचलीस ना?” विचारते. धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. धोका कमी कसा केला जातो ते सांगते, कारण त्यातही मैत्रीचीच एक गोष्ट आहे.

गाडीत पोलादी पाइपांचा पिंजरा असतो, सहा पट्टे असतात, अंगावर आग न धरणारा सूट, डोक्यावर हेल्मेट. आणि खांद्यांवर घोड्याच्या नालासारखी एक कॉलर असते. तिला ‘हान्स’ म्हणतात. ती पट्ट्यांखाली दाबून बसते आणि दोन्ही बाजूंनी हेल्मेटला बांधलेली असते. गाडी समोरून धडकली की पट्टे छातीला धरून ठेवतात, पण डोकं हेल्मेटसकट पुढे फेकलं जातं. तो ताण मानेच्या वर, कवटीच्या तळाशी येतो आणि तिथलं हाड मोडलं की माणूस जातो. हान्स डोक्याला धडाबरोबर अडवून धरते.

१९८१ साली पॅट्रिक जॅकमार नावाचा फ्रेंच ड्रायव्हर गाडीची चाचणी घेताना मातीच्या ढिगावर आदळून असाच गेला. ट्रॅक होता मिड-ओहायो, माझाच. जिम डाउनिंग हा शर्यतीतला त्याचा मित्र. तो हळहळून थांबला नाही. त्याचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. डाउनिंगनं त्यांना विचारलं, याला काही उपाय आहे का? त्यातून हान्स तयार झाली. डाउनिंग स्वतः ती घालून शर्यती पळला तेव्हा बाकीच्यांना ती अवजड वाटायची. कितीतरी वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २००३ मध्ये फॉर्म्युला वननं ती सक्तीची केली. आज आमच्यासारख्या हौशी माणसांनाही अशा संरक्षणाशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत.

मी दर वेळी ती कॉलर खांद्यावर घेते, दोन्ही बाजूंची क्लिप ‘कट्, कट्’ वाजली की हेल्मेटला एक झटका देऊन बघते. तेव्हा त्या तिघांची आठवण होते. आणखी एक सांगते, माझी क्लिप लागली की नाही हे मी एकटी बघत नाही. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या की शेजारचा प्लंबर स्वतःच्या गाडीकडे जाण्याआधी माझ्या खिडकीतून हात घालून दोन्ही बाजू ओढून बघतो.

“हॉलिवूडचा पॉल न्यूमन तुमच्याच क्लबात पळायचा असं ऐकलं. खरं का?” — एक सिनेप्रेमी, मुंबई

खरं आहे. एका चित्रपटातल्या भूमिकेसाठी गाडी चालवायला शिकला आणि त्यात रमला. १९७२ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, पहिली शर्यत पळला. यादीत नाव ‘पी. एल. न्यूमन’ एवढंच असायचं. एससीसीएचं राष्ट्रीय विजेतेपद त्यानं चार वेळा मिळवलं : १९७६, १९७९, १९८५ आणि १९८६. १९७९ मध्येच फ्रान्सच्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याची गाडी दुसरी आली. मी क्लबात आले तोवर तो गेला होता, त्यामुळे भेट नाही. पण इतक्या मोठ्या नटाला हौशी शर्यतीतच येऊन बसावंसं वाटलं याचं मला जराही नवल वाटत नाही. हेल्मेट घातल्यावर कुणाचा चेहरा दिसत नाही, फक्त गाडीचा नंबर दिसतो.

“शर्यतीत कुणी मुद्दाम ठोकलं तर? तेव्हाही मैत्री टिकते?” — एक वाचक, सोलापूर

मुद्दाम ठोकणारा फार दिवस टिकत नाही. तक्रार करता येते, पंच व्हिडिओ बघतात, लायसन्सवर गदा येते. पण बहुतेक वेळा ठोकर अंदाज चुकल्यामुळे लागते.

माझ्याकडून एकदा लागली. दुसऱ्या मोसमात. पुढच्या गाडीच्या आतल्या बाजूनं घुसायला जागा आहे असं मला वाटलं, आणि ती नव्हती. ती निळी गाडी गोल फिरून गवतात गेली, दार चेपलं. मी पुढे निघून गेले आणि माझा नंबर एकानं वर आला. त्या नंबराचा आनंद एक वळणही टिकला नाही.

इथला एक अलिखित रिवाज आहे : चूक तुमची असेल तर सूट उतरवायच्या आधी समोरच्याच्या तंबूत जायचं. घामानं भिजलेले, केस कपाळाला चिकटलेले, आहात तसे. मी गेले. तो दारापाशी वाकून पत्र्यावरनं हात फिरवत होता, साठीच्या पुढचा माणूस. मी म्हणाले, “जागा नव्हती, मी घुसायला नको होतं.” तो लगेच काही बोलला नाही. ते दोन क्षण मला फार लांब वाटले. मग त्यानं मला रबरी हातोडी दिली आणि म्हणाला, “आतून तू ठोक, मी बाहेरून धरतो.” दार बाहेर काढायला आम्हाला तासभर लागला. त्या तासात त्यानं मला शिकवलं ते कुठल्याही शाळेत मिळालं नसतं : पुढच्याच्या आरशात आपण दिसतो की नाही हे आधी बघायचं, त्याचं डोकं किंचित वळलं तरच आत जायचं. आजही ओव्हरटेक करताना माझे डोळे पुढच्याच्या हेल्मेटवर असतात.

काही जण माफी मागायला येत नाहीत, हेही खरं. त्यांच्या तंबूत रात्री उजेड असतो, पण तिकडे कुणी फिरकत नाही.

“ताई, मी १९ वर्षांची आहे, डिप्लोमा मेकॅनिकल करते. मलाही रेसिंग करायचंय, पण घरची परिस्थिती तशी नाही. भारतात सुरुवात कुठून करू?” — कोल्हापूर

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पत्त्यावरून तू माझ्या जुन्या घरापासून पाच मिनिटांवर राहतेस.

शर्यतीचं लायसन्स ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ देते, त्यामुळे नियम आधी तिथून समजून घे. शर्यतींची मोठी केंद्रं तमिळनाडूत आहेत : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आणि कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे. तो ज्यांच्या नावानं आहे ते एस. करिवर्धन यांचं नाव लक्षात ठेव. मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यांनी फॉर्म्युला मारुती गाडी तयार केली, म्हणजे आपल्याकडच्या पोरांना परवडेल अशी. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले, पण पुढची एक अख्खी पिढी त्यांनी घातलेल्या पायावर उभी राहिली.

पण गाडीत बसायची वाट बघत बसू नकोस. आधी झेंडा धर. मी ड्रायव्हर व्हायच्या आधी दोन वर्षं ट्रॅकवर मार्शल होते. बिनपगारी काम, ऊन, पाऊस, डब्यातलं थंड जेवण. मला शर्यत कळली ती तिथेच. प्रत्येक वळणावर एक चौकी असते. आमच्याकडे तिथे दोन झेंडेवाले पाठीला पाठ लावून उभे राहतात. एकाच्या हातात निळा झेंडा, त्याचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. दुसऱ्याच्या हातात पिवळा, त्याचं तोंड पुढच्या रस्त्याकडे. पिवळावाल्याला आपल्या पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही. त्याच्या जिवाची राखण निळावाला करतो. गाडी घसरत चौकीकडे यायला लागली की तो ओरडतो आणि दुसऱ्याचा पट्टा धरून त्याला मागे ओढतो. एकदा मला असं ओढलं गेलंय. ज्या बाईनं ओढलं ती तेव्हा सत्तरीची होती. त्या दिवशी तिनं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ब्रेडला लावून खाल्ली, तेव्हापासून दर मोसमाला तिच्यासाठी एक बरणी वेगळी नेते.

मार्शल झालीस की वळणाच्या इतकं जवळ उभी राहशील की ब्रेक कुठे लागतो, कुणाचं स्टिअरिंग शांत आहे, कुणाचं धडपडतंय हे नुसत्या नजरेनं कळायला लागेल. आणि माणसं ओळखीची होतील. गॅरेजमध्ये हात काळे करायची तयारी असलेल्या मेकॅनिकलच्या पोरीला कुठलीच टीम परत पाठवत नाही. पाना तुझ्या हातात आहे, तो घेऊन जा.

मोसमातली पहिली शर्यत संपली की काय होतं तेवढं सांगते. चौकटीचा झेंडा पडतो, मग सगळे हळू वेगात एक शेवटची फेरी मारतात. प्रत्येक चौकीवरचे झेंडेवाले कठड्यापाशी येतात आणि हातात असतील ते सगळे झेंडे, पिवळे, निळे, पांढरे, एकदम हलवतात. आम्ही खिडकीच्या जाळीतून हातमोज्यासकट बोटं बाहेर काढून त्यांना हात करतो, पहिला आलेलाही आणि शेवटचाही. सातव्या चौकीवर ती म्हातारी उभी असते. एका हातात पिवळा झेंडा, आणि दुसऱ्या हातानं ती बरणीचं झाकण फिरवल्याची खूण करते.